केर न काढलेली दुपार

पुणे ते नागपूर विमानाला सव्वा तास लागतो. धायरीतल्या आमच्या घरातून विमानतळ गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो, सिंहगड रोडची कृपा.

नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा मी रात्रीच्या गाडीने ये-जा करायचे. मी नागपूरहून निघाले की आई घरात केर काढत नसे. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. घर सकाळपर्यंत तसंच. मी फोन केला की “पोचली काय?” एवढं विचारायची आणि मगच झाडू उचलायची. मी तिला फार चिडवायचे. पुढे विमानाने येऊ लागले, तेव्हा म्हटलंही, “बघ, तुझं घर आता लवकर स्वच्छ होणार.” ती हसली नाही.

बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी असते. यंदा महिनाभर माझ्याकडे आली होती. तिने इथेच कायमचं राहावं म्हणून मी रोज तिच्या मागे लागायचे. शेवटी ती म्हणाली, “माझं घर तिकडे आहे न बाई. अन् तूच तर म्हणते, सव्वा तासाचा रस्ता आहे.” माझंच वाक्य माझ्या गळ्यात बांधून मोकळी झाली.

जायच्या दिवशी कॅब येईपर्यंत ती हॉलमध्ये चटईवर बसून माझ्यासाठी मेथी निवडत होती. पानं डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली, काड्या उचलायच्या आधीच कॅब आली.

विमानतळावर तिला व्हीलचेअरवाल्याच्या हाती सोपवलं आणि विमान सुटल्यावरच परतले. येरवड्याला अडकले, मग स्वारगेटला अडकले. घरी पोचले तोवर तिचं विमान नागपूरला उतरलंही असणार, पण फोन नव्हता. विमानात फोन बंद करायला तिला शिकवलं होतं. पुन्हा चालू करायला शिकवलं होतं का, ते काही केल्या आठवेना.

कामाच्या मावशी आल्या आणि त्यांनी झाडू घेतला.

“मावशी, थांबा,” मी म्हटलं. “आई अजून पोचली नाही.”

स्वतःचं बोलणं ऐकून मीच चकित झाले. मावशींना त्यात काहीच नवल वाटलं नाही. “बरं, मग भांडी घेते आधी,” म्हणून त्या आत गेल्या.

भांडी होत आली तेव्हा फोन वाजला. “पोचली बाई घरी. जेवली काय तू?” आवाज ऐकला आणि मला रडू आलं. मेथी छान निवडलीस, असलं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

“पोचल्या का आजी?” मावशी हात पुसत बाहेर आल्या. “काढू आता केर?”

चटई अजून अंथरलेली होती. तिच्या कडेला मेथीच्या काड्या पडल्या होत्या. इतकी वर्षं मला वाटायचं, आई माझ्या काळजीपोटी थांबते. तेही असेलच. पण केर काढेपर्यंत मी तिच्या घरातून पुरती गेलेली नसायचे.

“आज राहू द्या, मावशी,” मी म्हटलं. “उद्या काढा.”