सवचं गरम पाणी

घरातल्या आजारी माणसाची चौकशी तुम्ही करता. त्याचं सगळं करणारीची शेवटची चौकशी कधी केलीत?

नव्वदच्या दशकात आमच्या महाडच्या घरात आजोबा लकव्याने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या पलंगाखाली वडिलांच्या कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असत. कामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी मिळालीच पाहिजे, असं त्यांवर ठळक छापलेलं. मी त्याच पत्रकांवर वाचायला शिकले. केर काढताना आई ते गठ्ठे बाहेर ओढायची आणि पुन्हा जागेवर सरकवायची.

आजोबांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं तिच्याकडे. वडील सभांना. काका मुंबईला.

एका दिवाळीत काका-काकू सफरचंदं घेऊन आले आणि आईचं भरपूर कौतुक झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "भावोजी, उद्याचा दिवस बाबांचं बघाल? कंबर पार धरली आहे. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात जरा बसून येते."

"वहिनी, काय आयडिया दिलीत! बाबांनाच नेऊ. गरम पाण्याने लकवा सुटतो. जीप सांगतो, टेन्शन नाय."

आजोबा जड जिभेने म्हणाले, "मला नाय जायचा. तिला जाऊ दे."

"म्हातारा पाण्याला घाबरला!" काका म्हणाले. सगळे हसले. वडीलही.

सवला काका आणि वडिलांनी आजोबांना कुंडात उतरवलं आणि स्वतः गळ्यापर्यंत डुंबत बसले. आई काठावर वाकून आजोबांची मान धरून होती. काकू पलीकडच्या बायकांच्या कुंडातून हाका मारत होती, "ताई, या ना, मस्त वाटतंय!" मग आईने आजोबांना पुसलं, धोतर बदललं, लुगड्याच्या पदराने त्यांचे कान कोरडे केले, आणि जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. आईने पाण्यात पाऊलही घातलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला काकांनीच विषय काढला, "वहिनी, जायचं ना सवला?"

"तुम्ही सगळे जा," आई म्हणाली. "बाबांनाही न्या. मी घरी झोपते."

"पण मग बाबांचं करणार कोण?"

"तुम्ही."

काकांनी वडिलांकडे बघितलं. वडिलांनी पेपर उघडला. त्या वर्षी जीप आली नाही. गरम पाण्याने लकवा सुटतो हेही कोणाला आठवलं नाही.

याला तुम्ही प्रेमाचं कुटुंब म्हणा. मी फुकटची मजुरी म्हणते, आणि आमच्या घरात ती करून घेणारेच बाहेर हक्काच्या सुट्टीची पत्रकं वाटत होते.

तुमच्याही घरात अशी कोणी असेल. या दिवाळीला तिच्याकडे सफरचंदं नेऊ नका. दोन दिवस आधी जा, आजाऱ्याला कसं वळवायचं, कसं पुसायचं ते तिच्या हाताखाली शिका. मग तिला एकटीला जाऊ द्या. कुठे चाललीस, कधी येशील, हे विचारू नका.