एकतिसाव्या पानावरची फुली

ताई गेल्यावर वाचनालयातलं आमचं नाव मी गळू दिलं. मुद्दाम काढलं नाही, नुसतं परत घातलं नाही. आम्ही दोघी बहिणी जन्मभर एकत्र राहिलो. लग्नं झाली नाहीत, नोकऱ्या झाल्या, आणि निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून चिकलठाण्याला फ्लॅट घेतला. वाचनालय मात्र उस्मानपुऱ्यातलंच ठेवलं. ताईचे गुडघे दुखायचे, म्हणून पुस्तकं बदलून आणायचं काम माझं.

आणि ते काम मी फार वाईट करायचे. वाचलेलीच पुस्तकं पुन्हा उचलून आणायचे. मुखपृष्ठ बदललं की मी फसलेच. ताई दोन पानं चाळून पुस्तक माझ्यापुढे आपटायची, "अगं, यातली नायिका मी मागच्या वर्षीच पोचवली!" मग ताईनं उपाय काढला. वाचून झालं की एकतिसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, पेन्सिलीनं बारीक फुली. तिथं आधीच कुणाचा गोल होता, कुणाची चांदणी, कुणाचं टिंब. गावातल्या सगळ्या वाचणाऱ्या बायकांनी हाच उद्योग केलेला. वाचनालयात पाटी होती, पुस्तकांवर खुणा करू नयेत. ती पाटी ताईनं कधी वाचली नाही, कारण ताई तिकडे जायचीच नाही.

वर्गणीची मुदत संपत आली की ताई मागे लागायची, "नाव लावलंस का गं परत?" तिकडे खिडकीवर लिहिलेलं असायचं 'नूतनीकरण'. यात नूतन काय असायचं, देव जाणे. तीच कपाटं, तोच कुरकुरणारा पंखा.

यंदा मला पिटाळलं ते शेजारच्या भाभींनी. एके दिवशी शीरखुर्मा घेऊन आल्या, कोपऱ्यातली ताईची खुर्ची, तिच्यावरची धूळ बघितली आणि म्हणाल्या, "आपा, लायब्ररी रिन्यू कर डालो ना. कित्ते दिन ऐसेच बैठोगे?" मला राग आला. बसते तर बसते, तुम्हाला काय? पण त्या गेल्यावर घर इतकं गप्प झालं की वरून विमान गेलं तेव्हा बरं वाटलं. एकटेपणाची मला सवय होईल असं सगळे म्हणाले होते. झाली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून उस्मानपुऱ्याला गेले.

खिडकीत नवा माणूस होता. "मावशी, लई दिवस झाले. रिन्यू नाय होणार आता. नव्यानं नाव घालावं लागंल."

मावशी हा शब्द मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. "मग घाला."

"एक पुस्तक का दोन?"

"दोन," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. एक ताईचं, एक माझं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्यानं तसं लिहूनही टाकलं. बदलायला सांगणं मला जमलं नाही.

कपाटापाशी गेले आणि हात आपोआप एकतिसावं पान काढू लागले. फुली. ठेवलं. फुली. ठेवलं. तिसऱ्या पुस्तकाला थांबले. आता ही परत का ठेवतेय मी? घरी पुस्तक आपटायला कोण आहे? तिथंच कपाटाला टेकून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं चष्मा पुसण्याचं नाटक केलं. शेवटी एक फुलीचं घेतलं आणि एक बिनफुलीचं, नवीन आलेलं.

फुलीचं आधी वाचलं. सोपं गेलं, कारण शेवट ताईनं जेवताना सांगून टाकलेला होता. सगळ्यांचेच सांगायची. मी चिडायचे, पुस्तक मिटून उठून जायचे. नवीन पुस्तक मात्र जड गेलं. गोष्ट चांगली होती, पण पुढे काय होणार हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या पानावर खून कुणी केला ते कळलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "अगं, तो डॉक्टरच!" आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

माझी स्वतःची खूण कधी नव्हती. लागलीच नाही, ताईची पुरायची. मी शिवणाच्या डब्यातली पेन्सिल शोधली, टोक काढलं, एकतिसावं पान उघडलं आणि आकड्याच्या शेजारी फुली केली. ताईसारखी बारीक आली नाही, जरा वाकडी आली. नाहीतर पुढच्या खेपेला मी हेच पुस्तक पुन्हा तिच्यासाठी घेऊन आले असते.