खाटेजवळची बाटली

सकाळी चंदूच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले…" मी म्हटलं, "अगं, काल तर…" आदल्याच संध्याकाळी लालबागला त्याच्या घरी चहा पिऊन, त्याच्या दोन शिव्या खाऊन आलो होतो. छाती बरी झाली होती त्याची. मग गेला कसा? महिना होत आला, मला अजून उलगडा होत नाही.

चंदू आणि मी परळच्या शाळेत एका बाकावर. जिना चढतानाही वाद घालणारा माणूस. असाच एकदा बोलता बोलता त्याला धाप लागली, ती थांबेचना. फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत साठली होती आणि तिच्या दाबाने फुप्फुस मिटलं होतं. हॉस्पिटलात बरगड्यांमधून एक नळी घातली, तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. हवा पाण्यातून बाहेर पडते, परत आत शिरू शकत नाही, असं सिस्टरने समजावलं. चंदू खोकला की बाटलीत बुडबुडे. "बघ रे, आयुष्यभर दाबून ठेवलेलं बाहेर पडतंय," म्हणायचा. ह्याने कधी काय दाबून ठेवलं होतं!

वहिनींना मात्र ते बघवेना. "ह्यांचो श्वास असो पायदळी कित्याक ठेवलो?" म्हणत त्यांनी बाटली उचलली आणि उशाशी स्टुलावर ठेवली. सिस्टर धावत आली. "मावशी, खाली ठेवा! छातीच्या खालीच हवी ती, नाहीतर पाणी उलटं आत जाईल." वहिनींनी बाटली खाली ठेवली खरी, पण मग त्या बाजूला कुणाला फिरकू देईनात. येईल त्याला एकच, "बाजून येवा." सगळे खाटेला वळसा घालायचे, मीसुद्धा.

नळीतलं पाणी त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली व्हायचं. मी तेच बघत बसायचो. एका दुपारी ते थांबलं. मी धावत जाऊन सिस्टरला बोलावलं. सिस्टर म्हणाली, "एकतर फुप्फुस पूर्ण फुगलंय, नाहीतर नळी तुंबलीय. एक्स-रेत कळेल." फुप्फुस फुगलं होतं! नळी निघाली, आम्ही पेढे वाटले, चंदू घरी आला. घरी बाटली नव्हती, तरी वहिनींचं "बाजून येवा" चालूच. चंदू करवादायचा… आणि मग एका पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा फुप्फुसाशी संबंध नाही. नसेलही. पण पाणी थांबलं ते चांगलं, हे मी कसंबसं मनाला पटवलं होतं. आता हे थांबणं कशात धरायचं? त्या पेढ्यांचा मला राग येतो. का, ते सांगता येत नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. खाट तिथेच, चादर नवी. मी बसायला पुढे झालो, तोच आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बाजून येवा."

फरशीवर काहीच नव्हतं. वहिनींनीही ते पाहिलं.

मी वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो.