सासूबाईंच्या खोलीतली शेगडी

अगं पोरी, फोन जरा कानाशी नीट धर. तुझ्या आईला थंडी वाजते म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतेस आणि वर खिडकीही लावतेस? हे काय शहाणपण झालं? सासरी मंद्रूपला सासूबाईंना लकवा झाला, तेव्हा मीही हेच केलं होतं. पौषातली सकाळ होती. त्यांना वारं लागू नये म्हणून निखाऱ्यावर ओवा टाकला, खिडकी लावली, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि भाकरी थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर टाकली तोच आत तांब्या पडला. धावत गेले तर त्यांची मान कलंडलेली. हाक मारणं जमेना, म्हणून चांगल्या हातानं त्यांनीच तांब्या ढकललेला. मी खिडकी उघडली, सासऱ्यांना ओरडले, “बाज धरा, अंगणात न्यायचीय!” ते म्हणाले, “अगं, हिला वारं लागंल की!” “लागू द्या मामंजी, खोलीत कोळशाचा विषारी धूर कोंडलाय, आता वारंच पाहिजे.” उन्हात बऱ्याच वेळानं सासूबाईंनी डोळे उघडले आणि वाकड्या तोंडानं म्हणाल्या, “भाकरी करपली.” तेव्हापासून निजल्या माणसाच्या खोलीत मी निखारा नेला नाही, पांघरायला वाकळ नेली. तूही शेगडी आत्ताच बाहेर काढ, आणि आईला घेऊन लवकर ये बघू इकडं.