नऊ लाखांचा अर्ज

पिंगुळीच्या रुचिता धुरीला आहारतज्ज्ञ व्हायचं होतं. मुंबईच्या काकांनी एका नावाजलेल्या खासगी कॉलेजचा अर्ज आणला. त्यासाठी नऊ लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं. रुचिताने तिथून शिकून गेलेल्या सात मुलींना फोन केले. त्यांना अठरा हजार पगार मिळत होता आणि त्यातले बारा हजार हप्त्यात जात होते. सरकारी कॉलेजात कर्जाशिवाय शिकलेल्या मुलींनाही पगार तेवढाच होता.

“मोठा नाव आसा गो त्या कॉलेजाचा,” काका म्हणाले.

“नावान हप्तो फिटाचो नाय,” असं म्हणून तिने अर्ज परत दिला.

काका त्या वर्षी चतुर्थीला गावी आले नाहीत. रुचिता सरकारी कॉलेजात शिकली आणि सावंतवाडीच्या एका रुग्णालयात नोकरीला लागली. पगार सगळा तिच्याच हातात येतो. काका अजून रुसलेले आहेत. समजूत काढायला ती गेलेली नाही.