कढईसमोरचं वाचन

किस्से साचतात कसे, कळत नाही. डब्यातलं लोणचं संपतं, आमच्या ऑफिसातले किस्से नाही! चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ते कचोरीवाल्याचं सांग ना!"

मी सांगलीची. मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत इंटरव्ह्यूसाठी नागपूरला आले. वेळ होता, म्हणून तर्री-पोह्याच्या, म्हणजे तिखट रस्सा ओतलेल्या पोह्यांच्या गाडीवर थांबले. तिथे दोरीला एक मासिक लटकत होतं, 'तवंग'. फक्त नागपूरचं खाणंपिणं! उभ्या उभ्या अख्खं वाचून काढलं.

इंटरव्ह्यूत विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

तोंडून निघून गेलं, "पोह्याच्या गाडीवर!"

ती नोकरी अर्थातच गेली. बाहेर पडल्या पडल्या मासिकावरून टिपलेला नंबर लावला.

*

फोन संपादक वर्षाताईंनी उचलला. रिटायर्ड केमिस्ट्रीच्या मॅडम.

"लिहिता येते?"

"हो."

"तिखट चालते?"

"अं... बेतानंच."

"ये मग. एक येते, एक शिकवू. आणि घाबरून काहून राहिली वं? मी का परीक्षा घेऊन राहिली?"

घेतच होत्या!

*

'तवंग'चा एक नियम आहे. छापण्याआधी लेख तो पदार्थ बनवणाऱ्यालाच वाचून दाखवायचा, त्याच्या कढईसमोर. तो नाही म्हणाला, की लेख रद्द!

आमचा फोटोग्राफर गजू एका कचोरीवाल्याला वाचून दाखवत होता. 'अप्रतिम चव' आलं आणि कचोरीवाला उखडला.

"ते काढा गा पहिले! लोकाले वाटन भाव वाढला."

*

दोन भाऊ. मिठाईची दुकानं शेजारी शेजारी, बोलणं बंद. मी थोरल्याला वाचून दाखवत होते, "ही बर्फी थेट वडिलांच्या पद्धतीची..."

पार्टिशनपलीकडून आवाज आला, "खोटं! बाबाची पद्धत माह्याकडे हाय!"

मी इतकी दचकले की पेढ्यांचा ट्रेच खाली!

थोरला ओरडला, "मंग इकडे येऊन खा अन् सांग!"

धाकटा खरंच आला. बर्फी खाल्ली. बोटं चाटली. मग म्हणाला, "साखर जास्त हाय."

थोरला माझ्याकडे वळला. "हे बी लिहा. पण बोलला तर सही!"

*

आणि नंदनवन भागातल्या झणझणीत सावजी भोजनालयाच्या प्रमिलाबाई. आमच्या आधीच्या दोन्ही लेखांना त्यांनी नकार दिलेला. वर्षाताईंनी मला पाठवलं. "हा पास झाला तर तू पर्मनंट. नाहीतर सांगलीची गाडी."

"वाचाचं तं आत्ताच वाच," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बसाले फुरसत नाही मले."

भर दुपार. हॉल गच्च, कढईत फोडणी चरचरत होती. माझा आवाज मलाच ऐकू येईना. तरी वाचत गेले. त्या मसाला कसा भाजतात, न चाखता नुसत्या वासावर मीठ कसं ओळखतात, पहिली वाटी कुणालाच का देत नाहीत. वाचता वाचता आवाज मोठा झाला. जेवून झालेली माणसंही हात वाळवत बसून राहिली.

गल्ल्यावरून त्यांचे मिस्टर ओरडले, "अवं, टेबलं खाली होऊन नाही राहिले! बाहेर लाइन लागली!"

"लागू द्या."

लेख संपला. प्रमिलाबाईंनी मान वर केली नाही. रस्सा ढवळत राहिल्या. मी कागदांची घडी घातली. मनात बॅग भरायलाही घेतली.

तेवढ्यात त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला. भर गर्दीत! गल्ल्यावर मिस्टर उभेच राहिले.

प्रमिलाबाईंनी पदरानं एक स्टूल पुसलं आणि त्यावर बसल्या.

"हं. आता पह्यलेपासून वाच. मघा फोडणीत ऐकू नाही आलं मले."