डाव्या खांद्यावरचा पदर

सुमे, लांब असलीस तरी मनानं जवळ बस आणि आजीची बोलणी खा. मोबाइलमध्ये नवं कॅमेरा अ‍ॅप घालून दिलंस, पण ते काय करतं हे बघितलंस का? माझ्या आईचं लुगडं नेसून मी हौसेनं स्वतःचा फोटो काढला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाठवला. तिचा लगेच फोन. "कमळे, पदर उजव्या खांद्यावर? सुरकुत्या कुठं गेल्या? ही कोण बाई?"

मला लागलंच ते. तुझं अ‍ॅप आरशासारखं उलटं दाखवत होतं, वर चेहऱ्याला इस्त्री! मग एकेक अ‍ॅप उघडून बघितलं आणि शेवटी फोनमधला मूळचा साधा कॅमेराच निवडला. पदर डावीकडे आला, सुरकुत्याही परतल्या.

जन्मभर आरशात मी स्वतःला उलटीच बघत आले गं. लोकांना दिसते ती मी मला या वयात भेटले, आणि आवडले की! त्याच कॅमेऱ्यात व्हिडिओ काढला, पदर सावरत म्हटलं, "अक्का, ओळख." तो बघून ती फोनवर ओरडलीच, "अगं, हुबेहूब आई!"

जिंकले मी. आता दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये. पदर कुठल्या खांद्यावर आहे, ते समोर बसून बघ.